कोसाची डावी कूस

तुझं जहाज मी फोडलं, विल्या. दहाव्याला येडगाव धरणाच्या पाण्याकाठी, सगळ्या पावण्यांच्या देखत, कावळ्याला शब्द दिला होता की कोसाला ओरखडा उठू देणार नाही. आणि पुढच्याच रविवारी, दुपारचा चहा व्हायच्या आत, त्याचे दोन तुकडे केले. शत्रूचं नाव पुढं करता आलं असतं. पण शत्रूनं फक्त गोळा मारला. फोडलं मी.

आधी कावळ्याचं सांगतो. पिंड ठेवून झाले होते आणि कावळा बाभळीवर बसून चोच घासत होता. त्याला काही घाई नव्हती. ऊन चढलं. अण्णा पुढं झाले, बाप ना शेवटी, म्हणाले, "विलास, गोठा मी बघतो बाबा, तू मोकळा हो." कावळा हलला नाही. वहिनी म्हणाल्या, "माझी काळजी करू नका." तो पाठ फिरवून बसला. कुणीतरी बेल्ह्याच्या बाजारातली तुझ्या आवडीची भेळ आणली होती, तीही ठेवून झाली. नाहीच. तुझे मामा दर्भाचा कावळा करायच्या गोष्टी बोलायला लागले. आमच्या घरी कावळ्याला विचारायची पद्धत आजोबांच्या काळातच सुटली, त्यामुळे मी आपला सगळ्यात मागं, चपलांपाशी उभा होतो. आणि तरी माझ्याच तोंडून निघालं, तेही चांगलं खणखणीत: "विल्या, कोसा मी सांभाळतो. तुझ्या जागी लढाईत उभा करतो. ओरखडा उठू देत नाही."

आणि ते पाखरू खाली उतरलं की रे.

आता, त्याच वेळी भेळेवर नजर ठेवून बसलेलं कुत्रं उठून गेलं होतं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पण तिथं ते कुणाला सांगणार? मामांनी मला बाजूला घेतलं.

"पावणं, कोसा म्हंजी? बैल का?"

"जहाज आहे, मामा."

"धरणात?"

"नाही, कॉम्प्युटरात. गेम आहे. अवकाशातली लढाई असते."

मामांनी एकदा पाण्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. "असंल," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

तुझी-माझी गाठ पडली ती शिंगामुळं. तुझ्या पिकअपच्या दाराला बैलानं भोक पाडलं होतं आणि मिलिंदची पुट्टी ओळखू येत नाही असं कुणीतरी सांगितलं म्हणून तू बेल्ह्याहून थेट घोडेगावला माझ्या गॅरेजात आलास. माझा धंदा डेंटिंग-पेंटिंगचा. पत्रा ठोकायचा, पुट्टी भरायची, घासायची, रंग मारायचा. पत्र्याच्या आत काय चाललंय याच्याशी माझा संबंध नाही आणि मी तो कधी जोडायलाही गेलो नाही. एका गिऱ्हाइकाची जीप मी अशी चकचकीत करून दिली होती की ते पेढे घेऊन आलं. दुसऱ्या दिवशी कळलं, तिची चासीच वाकलेली होती आणि ती रस्त्यानं खेकड्यासारखी चालत होती. तेव्हा ते पेढे परत न्यायला आलं.

तर त्या दिवशी केबिनमध्ये माझं जहाज जळत होतं आणि तू मागं येऊन उभा राहिलास. थोडा वेळ बघितलंस आणि म्हणालास, "राव, तुमी छाती फुडं करून मरताय. जरा तिरपं व्हा की."

मला वाटलं होतं की हा गेम जुन्नर-आंबेगावात मी एकटाच खेळतो. आणि हा बैलांचा व्यापारी मला सांगत होता की समोरून आलेला गोळा सरळ पत्र्यावर बसला तर पत्रा फाडून आत शिरतो, आणि पत्रा तिरका धरला तर घसरून निघून जातो. तेवढ्याच लोखंडात दुप्पट जाडी मिळते, फुकट. मी तिरपा झालो. तरी मेलो, पण जरा उशिरा.

त्याच संध्याकाळी तू मला कोसा दाखवलास. म्हणजे कोसानं मला मारलं. खिलार बैलांत 'कोसा' म्हणतात त्या राखी-काळपट रंगाचं तुझं जहाज ताऱ्यांच्या पुढून आलं तेव्हा ते मला दिसलंच नाही. आधी माझी ढाल गेली. ती विजेची, सोलली तरी दम खायला मिळाला की परत भरून येते. तू दम खाऊ दिला नाहीस. किरणांनी चाटून चाटून संपवलीस. मग चिलखत. ते लोखंड, लढाई चालू असेतो गेलं ते गेलं. त्यावर तू गोळे टाकलेस, एकाच जागी, एकावर एक, बोकडाच्या मानेवर सुरा चालवावा तसे. मग सांगाडा उघडा पडला. भोकातून हवा बाहेर निघाली आणि तिच्याबरोबर माझी माणसं, तोंडं उघडी, आवाज नाही, हातपाय झाडत. मग दारूगोळ्याची कोठी पेटली आणि जहाज आतून बाहेर उलटं झालं. कानात तुझं हसू आणि तुझ्या हसण्यामागं गाया हंबरत होत्या, कारण कॉम्प्युटर तू गोठ्याला लागून असलेल्या खोलीत ठेवला होतास आणि तोफ उडाली की गोठा बोलायचा. आपल्या टोळीतले सगळे तुला 'हंबर' म्हणायचे ते त्यामुळंच. 'हंबर आला' म्हटलं की समोरचे ढाल चढवायचे.

मी सांगतो तुला, इतक्या आपुलकीनं मला आजवर कुणी मारलेलं नाही. मारून झाल्यावर तू बसून सांगितलंस की मी कुठल्या भोकातून मेलो.

आणि मग आपलं भांडण सुरू झालं, ते संपलंच नाही. माझं म्हणणं साधं होतं. चिलखताचं मीटर असतं कशाला? शंभर दाखवतंय म्हणजे काही झालेलं नाही. तू म्हणायचास, "मीटर वरचं दाखवितं, पुट्टीवाल्या. आत जाऊन बघ." गोळा पत्र्यातून आरपार गेला नाही तरी त्याचा दणका आत जातो, असं तुझं म्हणणं. पत्रा बाहेरून साबूत. आतल्या अंगाचे लोखंडाचे टवके सुटतात आणि कोठीभर उडतात, वस्तऱ्याच्या पात्यांसारखे. बाहेरून बघणाऱ्याला जहाज धडधाकट. आत इंजिनापाशी माणसं चिरून पडलेली.

लढाई झाली की बाकीचे सगळे मीटर बघून झोपायला जायचे. तू जहाजात उतरायचास. एकेक दालन, एकेक फासळी. अण्णा बाजारात बैल बघतात तसंच. गिऱ्हाईक शिंगं बघतं, वशिंड बघतं, रंग बघतं. अण्णा गप उभे राहतात आणि मग एकदम कुशीत चार बोटं रोवतात. कातडं कुठं थरथरलं, बैलानं कुठं श्वास धरला, ते बघतात. मी एकदा हौसेनं अशी बोटं रोवली होती. मी त्याच्या मागच्या पायांच्या किती जवळ उभा होतो ते मला आधी कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी बेल्ह्याच्या बाजारात सगळ्यात जास्त गर्दी माझ्याभोवती होती.

"बघ," तू मला उठवताना म्हणालास, "जनावर चिलखताशिवाय लढतंय."

कोसाच्या डाव्या कुशीचं मात्र तू मला काहीच सांगितलं नव्हतंस.

त्या खाणीच्या लढाईत मी पुढं घुसलो होतो. कुणी सांगितलं नव्हतं. तिघांनी मला कोंडीत धरलं, ढाल गेली, चिलखताच्या चिंध्या झाल्या, आणि त्यांची ती लांब तोफ माझ्याकडं वळताना दिसत होती. मी ओरडलो. काय ओरडलो ते टोळीतला कोल्हापूरचा पैलवान अजून सगळ्यांना करून दाखवतो. तेवढ्यात कोसा मधे आला, आडवा, डाव्या अंगानं. तिरपं व्हायलासुद्धा वेळ नव्हता तुला. गोळा त्याच्या कुशीत बसला आणि सगळं जहाज पाठीतून वाकल्यासारखं हललं. मग तू फिरलास आणि त्या तिघांना एकेक करून फाडलंस. शेवटचा तर पळत होता. त्याचं इंजिन तू आधी उडवलंस, मग ढाल, मग सावकाश बाकीचं. तो माइकवर 'बस, बस' म्हणत होता. तू थांबला नाहीस.

"विल्या, तुला किती लागलं?" मी विचारलं.

"काय नाय. सरक बाजूला, तुझी पुट्टी वाळली न्हाई अजून."

मी मीटर बघितलं. चिलखत थोडं कमी होतं. मी झोपायला गेलो.

त्यानंतर तू डावं अंग कधी शत्रूला दाखवलं नाहीस. मला वाटायचं, ही तुझी लकब. बाजारात अण्णा नाही का, बैलाची एखादी बाजू अधू असली की स्वतःच त्या बाजूला उभे राहून गिऱ्हाइकाशी गप्पा मारतात? तसा तू सगळी लढाई त्या बाजूला उभा राहून गप्पा मारत होतास. मी इतक्या वेळा म्हटलं, "एकदा कोसा मला चालवू दे." तू 'उद्या' म्हणायचास. ह्या उद्यावरून आपण खरे भांडलोय. मी चारचौघांत तुला चिक्कट म्हटलेलं आहे.

मग तो बाजाराचा दिवस. मी तिथं नव्हतो. अण्णांनी सांगितलं ते सांगतो. पिकअपमधून तू खोंड उतरवत होतास आणि तो बिथरला. शिंग लागलं नाही. लागलं असतं तर रक्त दिसलं असतं, बाजार धावला असता. त्यानं नुसतं कपाळ घातलं, तुझ्या पोटाच्या बाजूला, आणि तुझ्या मागं पिकअपचा फाळका होता. ओल्या पोत्यावर दांडकं बसावं तसा आवाज आला म्हणे. तू खाली बसलास, उठलास, सदरा वर करून बघितलंस. कातडं जागच्या जागी. "काय नाय झालं," म्हणालास. खोंडाला बांधलंस, चहा प्यायलास, बाजार उरकलास आणि संध्याकाळी लढाईला बसलास.

लढाईत मी होतो. तू नेहमीपेक्षा जास्त निर्दयपणे मारत होतास, एवढंच मला जाणवलं. एक जहाज तर तू शरण आलेलं फोडलंस. मग मधेच म्हणालास, "थांब, आलो." माइक चालूच राहिला. माझ्यावर दोघं तुटून पडले होते आणि मी तुला शिव्या घालत होतो, नेहमीच्याच. कोसा नुसता उभा होता, उजवं अंग पुढं करून. आणि कानात गाया हंबरत होत्या. तू तोफ डागत नव्हतास, तरी हंबरत होत्या. मग खुर्ची पडली आणि वहिनींचा आवाज आला.

आळेफाट्याचा दवाखाना यायच्या आतच तू गेलास. आतल्या आत रक्त. वरून म्हणे एक निळा डाग, हाताच्या पंजाएवढा.

तुझ्यावर मी रडलोय तेवढाच चिडलोयही. पहिल्या दिवशी तर तुला उठवून हाणावंसं वाटत होतं. खरोखर, तुझ्या तिरडीपाशी माझी मूठ वळली होती आणि लोकांना वाटलं, मित्राला आवरत नाही. ज्यानं मला रात्रंदिवस 'आत जाऊन बघ' म्हणून छळलं, त्यानं स्वतःचा सदरा वर करून मीटर बघितलं आणि चहा प्यायला? आपल्या भांडणात शेवटचा डाव तू माझ्याच बाजूनं खेळलास. मला जिंकायचं होतं, पण असं नव्हतं रे.

तर कोसा. टोळीनं ठरवलं की रविवारी तुझ्या नावानं चढाई करायची आणि कोसाला सगळ्यांच्या पुढं ठेवायचं. चालवणार मी, कारण कावळ्याला शब्द मी दिला होता. आदल्या दिवशी तुझ्या घरी आलो, तुझ्या खुर्चीत बसलो. पासवर्ड वहिनींनी घातला. मला बघू दिला नाही. कोसा गोदीत उभा होता आणि डाव्या अंगानं कसला भिकार दिसत होता. पत्रे फाटलेले, काळे व्रण, एका जागी तर आतलं दिसत होतं. मला ते बघवेना. माझे हात शिवशिवले. जन्मभर दुसरं केलंय काय? सगळं डावं अंग मी नव्या लोखंडानं मढवलं. जाडी घेतली ती बाजारात मिळते त्यात सगळ्यात जास्त. वर राखी रंगाचे हात मारले, व्रण पुसून टाकले. मीटर शंभर. मधे एक सूचना आली होती तांबड्या अक्षरात, आतल्या फासळ्यांबद्दल काहीतरी इंग्रजीत; ती मी जाहिरात बंद करतात तशी बंद केली. वहिनींना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान दिसतंय." मी फुललो.

रविवारी दुपारी वहिनी दाराशी उभ्या राहिल्या आणि अण्णा मागं बाजेवर बसले. समोरच्या टोळीला तुझी खबर लागलेली होती. आधी दोन्हीकडच्या जहाजांनी ढाली उतरवल्या, आपण श्रद्धांजलीला उभं राहतो तसं. ज्यांना तू फाडलं होतंस, ते उघड्या अंगानं तुझ्यासाठी गप उभे होते. त्यात तो 'बस, बस' म्हणणाराही होता. मग ढाली चढल्या आणि कापाकापी सुरू झाली.

मी पेटलो होतो. पहिलं जहाज मी धडकेनंच चिरडलं. त्याचं तोंड कोसाच्या नाकाडावर चेपून राहिलं आणि त्याची माणसं माझ्या काचेवरून घसरत गेली. दुसऱ्याच्या कोठीत गोळा घातला, ते कुल्फीसारखं काडीवरून सुटलं. तोफ उडत होती आणि शेजारी गोठा बोलत होता. मागून अण्णा म्हणाले, "हाण." तेवढ्यात त्यांची लांब तोफ वळताना दिसली.

आता ऐक. मी विचार केला. सगळ्यात जाड लोखंड कुठं आहे? डावीकडं. म्हणून मी मुद्दाम फिरलो आणि कोसाची डावी कूस तोफेपुढं धरली. कानात पैलवान ओरडला, "हंबर, डावी नको." सवयीनं तुझंच नाव त्याच्या तोंडात आलं. मला तेवढं नावच ऐकू आलं; वाटलं, कौतुक चाललंय.

गोळा बसला. घण पडल्यासारखा आवाज झाला. मी मीटर बघितलं. शंभराचे अठ्ठ्याण्णव.

मी खुर्चीत मागं वळलो. "बघा अण्णा," मी हसत म्हटलं, "काय नाय झालं."

अण्णांचा चेहरा बघून मला कळलं की हे शब्द त्यांनी ह्याआधी कुठं ऐकलेत.

मी परत पुढं वळेपर्यंत आत सगळं संपत आलं होतं. माझं जाड लोखंड जसंच्या तसं होतं, नवा रंगसुद्धा उडाला नव्हता. पण ज्या फासळ्या तू माझ्यासाठी मोडून घेतल्या होत्यास, त्यांच्यावर मी ते सगळं ओझं चढवलं होतं. त्या कडाकड गेल्या. टवके कोठ्यांतून उडाले. एकेक दालन अंधारलं, एकेक माणूस पडला. इंजिन विझलं. मग पाठीचा कणा मोडल्याचा आवाज आला आणि कोसा मधोमध तुटला. दोन्ही तुकडे एकमेकांभोवती सावकाश फिरायला लागले. ह्या गेममध्ये जहाज गेलं की गेलं. नवं घेता येतं, तेच परत येत नाही. एका तुकड्यावर माझी राखी पुट्टी चकाकत होती.

गोळीबार थांबला. दोन्हीकडचा.

मग पैलवान म्हणाला, "मिल्या, डावीकडं फासळ्या धड न्हवत्या रं. खाणीपास्नं."

"तुला माहीत होतं?"

"समद्यास्नी ठावं हुतं. गोदीत उघडायचा म्हंजे लई दिस लढाई बंद, म्हणून ऱ्हायलं. तुला सांगू नका म्हणाला हुता. म्हणाला, उगंच मनाला लावून घेईल ते."

मी माइक बंद केला. मला तुला कितीतरी विचारायचं होतं. तुझ्या 'उद्या'चा अर्थ काय होता, हे मी तुला चिक्कट म्हणालो तेव्हाच सांगायला तुझं काय जात होतं? पण तू सांगणारच नव्हतास. तू त्या बाजूला उभा राहून गप्पा मारल्या असत्यास. आभार मानले असते तर पुट्टीवाल्या म्हणाला असतास. तरी मानतो, विल्या. त्या गोळ्याचे आणि नंतरच्या सगळ्या लढायांचे.

अण्णा उठून गोठ्यात गेले. बैलाशी काहीतरी बोलल्याचं ऐकू आलं. मी खुर्चीतच होतो. दाराकडं बघायचा धीर होत नव्हता. कावळ्याला दिलेला शब्द मोडला, हे मी एकवेळ पचवलं असतं, कारण कुत्र्याचं मला माहीत होतं. पण तुझी एक चालती-फिरती गोष्ट ह्या घरात उरली होती, आणि ती मी वहिनींच्या डोळ्यांदेखत मोडली होती. पुढच्या वेळी बेल्ह्यावरून जाताना ह्या दारात गाडी थांबवायला तोंड मला राहिलं होतं का, तेवढं मला कळायला हवं होतं.

"वहिनी," मी शेवटी म्हटलं, "चुकलं माझं."

त्या आत आल्या. पडद्यावरचे ते दोन तुकडे त्यांनी नीट बघितले, मग त्या रंगाकडं, मग माझ्याकडं. हातातला चहा माझ्यापुढं ठेवला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते तुमाला ह्या खुर्चीत का बसू देत नव्हते, ते आज कळलं."